रेंजर, त्याचे रान आणि ऐच्छिक नियम

चार-पाच जणांनी एका टेबलाभोवती बसावे, त्यांपैकी एकाने सूत्रधार होऊन एका काल्पनिक जगाचे वर्णन करावे, उरलेल्यांनी त्या जगातील एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करतो ते तोंडाने सांगावे, आणि जेथे कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकून नशिबाचा कौल घ्यावा, असे ज्याचे ढोबळ स्वरूप आहे, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी अडत नाही, आणि एकाने जिंकून दुसऱ्याने हरावे असा प्रकार तर मुळीच नसतो. असतात ती पात्रे, त्यांची गोष्ट आणि त्या गोष्टीला वळण देणारे नियम. प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी पुजारी, कोणी चोर. आणि कोणी रेंजर, म्हणजे वस्ती व अरण्य यांच्या सीमेवर वावरणारा, माग काढणारा, धनुष्य चालवणारा, सोबत्यांना अनोळखी मुलखातून सुखरूप नेणारा वाटाड्या. बाकीच्या पेशांचे मोल बहुतांशी त्यांच्या अंगच्या बळावर ठरते. रेंजरचे मोल मात्र तो ज्या भूमीवर उभा आहे तिच्यावर ठरते, आणि म्हणूनच नियमांत थोडा फेरबदल झाला की सर्वांत अधिक पालटतो तो हाच पेशा.

हा पेशा खेळात आला तो १९७५ साली, ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकातील जो फिशर यांच्या लेखातून. टॉल्किनच्या कादंबऱ्यांतील वनचर क्षत्रियांची छाया त्याच्यावर स्पष्ट पडलेली होती. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ मध्ये त्याला पक्के स्थान मिळाले, तेव्हा त्याच्यावर घातलेली बंधने आज वाचताना मोठी विलोभनीय वाटतात: तो सदाचारी असलाच पाहिजे, तिघांहून अधिक रेंजरांनी एकत्र येऊन काम करता कामा नये, आणि स्वतःच्या अंगावर व घोड्यावर मावेल तेवढीच मालमत्ता त्याने बाळगावी, उरलेली सत्कार्याला देऊन टाकावी. या अटींत एक संपूर्ण जीवनदृष्टी होती. पुढील आवृत्त्यांत अटी गळत गेल्या आणि अधिकार तेवढे वाढत गेले. ती सर्व वंशावळ येथे सांगण्याचे कारण नाही. आपल्या विषयाला आरंभ होतो तो २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून.

त्या आवृत्तीत रेंजरला पहिल्याच पायरीवर (अनुभवागणिक पात्र अशा पायऱ्या चढत जाते) दोन सनदा मिळत. एक शत्रूची आणि दुसरी भूमीची. पहिलीनुसार त्याने एक शत्रुवर्ग निवडायचा; त्या वर्गातील प्राण्यांचा माग काढणे आणि त्यांच्याविषयीची माहिती आठवणे त्याला सुलभ होई. दुसरीनुसार हिमप्रदेश, सागरकिनारा, वाळवंट, अरण्य, गवताळ मैदान, पर्वत, दलदल आणि भूगर्भातील अंधारी दुनिया अशा आठ भूप्रदेशांतून एक आपला म्हणून घ्यायचा. सहाव्या आणि दहाव्या पायरीवर आणखी एकेक भूप्रदेश मिळे, म्हणजे अर्धी कारकीर्द सरली तरी आठांपैकी पाच प्रदेश परकेच राहत.

या दुसऱ्या सनदेचा प्रत्यक्ष अर्थ काय, तो आपल्या ओळखीच्या मुलखात पाहू. समजा, कोल्हापुरातील एका मंडळीची गोष्ट गगनबावड्याहून दाजीपूरच्या रानाकडे निघाली आहे, आषाढाचा पाऊस कोसळतो आहे, धुक्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही, आणि रेंजरने अरण्य हा आपला प्रदेश निवडलेला आहे. नियम सांगतो की, तासाभराहून अधिक चालीच्या प्रवासात झाडोरा, चिखल, चढउतार यांनी या मंडळीचा वेग कमी होणार नाही. जादूटोण्यावाचून दुसऱ्या कशानेही ती वाट चुकणार नाही. रेंजर दुसऱ्या कामात गुंतला असला तरी धोक्याविषयी सावध राहील. अन्न शोधू गेला तर दुप्पट मिळवील. आणि गव्यांचा माग सापडला तर कळपात किती जनावरे होती, केवढी होती आणि ती किती वेळापूर्वी येथून गेली हे नेमके सांगेल. वाचताना वाटते, याहून अधिक ते काय हवे?

परंतु खेळायला बसले की या नियमाची गाठ कोठे आहे ते ध्यानात येते. वाट चुकणारच नाही, उपासमार होणारच नाही, वेग मंदावणारच नाही, असे एकदा ठरले की सूत्रधाराला त्या रानाविषयी सांगण्यासारखे फारसे उरत नाही. तो म्हणतो, “तिसऱ्या दिवशी तुम्ही दाजीपूरला पोचलात,” आणि ज्या प्रवासासाठी रेंजर हा पेशा घेतला तो प्रवासच एका वाक्यात आटोपतो. उलट गोष्ट जर वाळवंटात किंवा एखाद्या शहराच्या गल्लीबोळांत शिरली, तर हीच सनद निव्वळ कागद ठरते. म्हणजे स्वतःच्या भूमीत अडचणच उरत नाही म्हणून कौशल्य दिसत नाही, आणि परक्या भूमीत कौशल्यच चालत नाही म्हणून ते दिसत नाही. शत्रूच्या सनदेचेही तसेच. खेळाडूने राक्षस निवडावे आणि सूत्रधाराने वर्षभर भुतेखेतेच पुढे करावीत, असे सहज घडे. आणि राक्षस भेटले तरी त्या सनदेने रेंजरचा घाव यत्किंचितही अधिक खोल जात नसे. खेळाडूंची तक्रार इतकी वाढली की प्रकाशकांनी, म्हणजे ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने, २०१६ साली ‘अनअर्थ्ड आर्काना’ या आपल्या प्रायोगिक लेखमालेत रेंजरची एक सुधारलेली संहिता अजमावण्यासाठी पुढे ठेवली. आणि अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या ग्रंथात तोडगा निघाला तो ऐच्छिक नियमांच्या रूपाने.

ऐच्छिक नियमांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. मूळ ग्रंथ रद्द झाला नाही. त्याच्या शेजारी दुसरी कलमे ठेवली गेली, आणि सूत्रधाराची संमती असेल तर खेळाडूला जुन्या कलमाऐवजी नवे घेण्याची मुभा मिळाली. प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र आहे: शत्रूचे कलम बदलून भूमीचे जुने ठेवता येते, किंवा याच्या उलट. भूमीच्या सनदेऐवजी जे मिळते त्यात पहिल्या पायरीवर एका कौशल्यात दुप्पट प्रावीण्य आणि दोन जादा भाषा. सहाव्या पायरीवर चालीत पाच फुटांची वाढ आणि त्याच वेगाने चढण्या-पोहण्याची शक्ती. दहाव्या पायरीवर थकवा लवकर उतरवण्याचे आणि तात्पुरता जोम मिळवण्याचे सामर्थ्य. शत्रूच्या सनदेऐवजी, घाव लागताच त्या सावजावर एक मिनिटभर लक्ष केंद्रित करून दर फेरीत एकदा अधिक इजा करण्याची सोय. ही जादा इजा प्रथम चार बाजूंच्या फाशाची, पुढे सहा व आठ बाजूंच्या फाशाची. जुना रेंजर आपला मंत्रसंचय खर्च करून आसपास मैलभरात काही अमानुष आहे की नाही एवढेच जाणू शके, ते कोठे आहे आणि किती आहे हे त्याला कळत नसे. त्याऐवजी नवा रेंजर तिसऱ्या पायरीपासून पशूंशी आणि पुढे वनस्पतींशीही बोलतो. अंगाला चिखल-पाला फासून निश्चल पडून राहण्याच्या जुन्या युक्तीऐवजी त्याला क्षणभर अदृश्य होता येते.

मातीवरची निकाली कुस्ती आणि मॅटवरची गुणांची कुस्ती यांत जो भेद आहे तसाच काहीसा हा भेद आहे. खासबाग मैदानाच्या मातीत समोरच्याची पाठ लागेपर्यंत दम धरून झुंजणारा मल्ल आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत चपळाईने गुण टिपणारा मल्ल, दोघेही पैलवानच. पण नियम बदलताच कोणाच्या कोणत्या शक्तीला भाव येतो ते बदलते. ऐच्छिक नियमांनी रेंजरच्या चपळाईला भाव दिला. तो आता कोणत्याही मुलखात, कोणत्याही शत्रूसमोर, योद्ध्याच्या आणि चोराच्या बरोबरीने उपयोगी पडतो. ज्या मंडळींची गोष्ट गावोगाव, देशोदेशी हिंडते आणि जिच्यात लढाया पुष्कळ, प्रवास थोडा, त्यांनी नवी कलमे निःशंकपणे घ्यावीत. ज्या खेळाडूने हौसेने रेंजर घेतला त्याला बैठकीमागून बैठक हात चोळत बसावे लागणे हा अन्याय होता, आणि तो दूर झाला.

तरीही भूमीची जुनी सनद मोडीत काढायला माझे मन तयार होत नाही, आणि त्याचे कारण कोल्हापूरच्या मुलखातच आहे. या एका जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्याचा धो धो पाऊस आणि पूर्वेला शिरोळची कमी पावसाची काळी जमीन. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पसरणारे पुराचे पाणी. आणि राधानगरीच्या रानातील सडे, जेथे दाट झाडीतून बाहेर पडून गवे चरायला येतात. राधानगरीच्या अरण्यात वाढलेल्या माणसाला सर्वसाधारण ‘अरण्य’ ठाऊक नसते. त्याला सावराईचा सडा ठाऊक असतो, तेथील वारा ठाऊक असतो, कोणत्या महिन्यात कोणता ओढा आटतो ते ठाऊक असते. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे जे ज्ञान वेचले, तेही त्या त्या रानातील माणसांच्या सहवासात, वर्षानुवर्षे राहून. आणि आपल्याकडे असे ज्ञान ज्यांच्यापाशी वंशपरंपरेने होते त्या फासेपारध्यांना इंग्रजी अमलाने गुन्हेगार ठरवले होते. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी त्यांना आपल्या चाकरीत घेतले, आणि गुन्हेगार मानल्या गेलेल्या जातींवरची रोजच्या हजेरीची जाचक वहिवाट संस्थानातून १९१८ च्या सुमारास उठवली. मागावरून जनावर ओळखणारा माणूस किती मोलाचा, हे त्या राजाला पुरते ठाऊक होते.

म्हणून माझे मत असे की, गोष्ट जर एकाच मुलखात घडणार असेल तर भूमीची जुनी सनदच ठेवावी, पण सूत्रधाराने ती वेगळ्या रीतीने चालवावी. ‘तुम्ही वाट चुकत नाही’ एवढे बोलून थांबू नये. वाटा तीन आहेत, एक जवळची पण गव्यांच्या कळपातून जाणारी, एक लांबची पण पाण्याची, एक जुन्या चौकीवरून, असे सांगून निवड रेंजरवर सोपवावी. वाट चुकण्याची भीती नाहीशी झाली म्हणजे वाट निवडण्याची जबाबदारी नाहीशी झाली असे मुळीच नाही. आणि ही निवड ज्याला त्या रानाची माहिती आहे त्यालाच करता येते. जुन्या कलमाचा दोष जेवढा कलमात होता तेवढाच ते चालवण्याच्या आळसातही होता.

पशूच्या सोबतीचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि तेथे मी संपूर्णपणे नव्या नियमाच्या बाजूचा आहे. रेंजरच्या एका शाखेला तिसऱ्या पायरीवर एक जनावर सोबती म्हणून मिळते. या शाखेकडे पाहताना कोल्हापूरच्या माणसाला शिकारी चित्ता सांभाळणारा चित्तेवान आठवल्यावाचून राहत नाही. चित्त्याकरवी काळविटांची शिकार करण्याबद्दल हे संस्थान प्रसिद्ध होते; हिंदुस्थानातील चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. पाळण्यासाठी पिल्लू घेत नसत, कारण आईकडून शिकार न शिकलेले पिल्लू पुढे निरुपयोगी ठरे. रानात वाढलेला चित्ता धरून त्याला माणसाची, आवाजाची, गर्दीची सवय लावण्यात महिनोन्महिने जात. शिकारीच्या दिवशी डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीत बसवून कळपाजवळ नेत. गाडीला काळवीट फारसे बुजत नसे. टोपी काढली की सारा खेळ काही क्षणांचा. चित्त्याने सावज पाडून नरडे धरले की चित्तेवान धावत जाई, सावजाचे रक्त लाकडी पळीत धरून त्याच्यापुढे करी, आणि तो त्यात गुंतला की हळूच पुन्हा टोपी चढवी. धाव फसली तर चित्ता तेथेच बसून राही आणि त्या वेळी त्याच्यावर कोणाचाही हुकूम चालत नसे. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि त्याबरोबर ही सारी विद्याही लोपली.

आता २०१४ चा नियम पाहा. सोबती जनावर मध्यम आकाराहून मोठे नसावे आणि दुर्बळ गटातीलच असावे. बिबट्यासारखा ‘पँथर’ त्या मर्यादेत बसतो. त्याला हल्ल्याचा हुकूम द्यायचा तर रेंजरने आपली स्वतःची क्रिया खर्च करायची, म्हणजे पाचव्या पायरीपर्यंत एका वेळी दोघांपैकी एकानेच लढायचे. तिसऱ्या पायरीवर या पँथरचे हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याची ताकद, अवघे १३. एकदोन घावांत तो मरे, आणि मेला तर आठ तास खर्चून दुसरे जनावर जोडायचे. एका अर्थी हा नियम चित्तेवानाच्या अनुभवाशी जुळतो, कारण चित्ता धावत असताना चित्तेवानाचे हातही रिकामेच असत. परंतु त्या जुन्या विद्येतील सर्वांत खरी गोष्ट, महिनोन्महिन्यांच्या सहवासाने जडलेला लोभ, ती आठ तासांच्या बदलीत पार विटाळली जाते. प्रत्यक्षात खेळाडू जनावराला जपण्यासाठी मागेच ठेवत, आणि मग ती शाखा घेण्यात अर्थ तो काय राहिला?

२०२० च्या ऐच्छिक नियमाने भूचर, जलचर आणि खेचर असे तीन नमुने दिले. रेंजर आपला बाण सोडून एका जादा क्रियेत जनावराला हल्ल्याचा हुकूम देऊ शकतो, आणि हुकूम नसला तर ते स्वतःचा बचाव करीत राहते. तिसऱ्या पायरीवर भूचराचे हिट पॉइंट २०, दहाव्या पायरीवर ५५; जुन्या नियमाने दहाव्या पायरीवर ते ४० असत. आणि मुख्य म्हणजे, ते मेले तर तासाभराच्या आत रेंजर त्याला स्पर्श करून आपला एक मंत्रसंचय खर्चतो व मिनिटभराने तेच जनावर पुन्हा उठते. तेच जनावर, दुसरे नव्हे. लांडगा आणि बिबट्या यांचे आकडे आता सारखेच झाले, हा आक्षेप खरा आहे. पण जनावराचे वेगळेपण खेळाडू आपल्या वर्णनाने सहज राखतो. भूमीचे वेगळेपण राखायला सूत्रधार आणि नियम दोघेही लागतात, आणि म्हणूनच मी एका जागी नवे कलम घेतो व दुसऱ्या जागी जुने ठेवतो.

रेंजरच्या नावाने न लिहिलेले, तरी त्याचे भवितव्य ठरवणारे आणखीही काही ऐच्छिक नियम आहेत. २०१४ च्या ग्रंथात ‘फीट’ नावाची विशेष कौशल्ये मुळातच ऐच्छिक होती; ती मान्य केली की ‘शार्पशूटर’ घेतलेला धनुर्धर नेमात पाच गुण कमी पत्करून इजेत दहा गुण मिळवतो, आणि रेंजर दुबळा असल्याची ओरड एकाएकी निम्मी होते. वजनाचा ऐच्छिक नियम लावला तर शक्तीचा अंक १० असलेल्या पात्राची चाल ५० पौंडांपलीकडे ओझे होताच दहा फुटांनी घटते. मग आठवड्याची शिदोरी आणि पाणी पाठीवर वाहणे दुष्कर होते, आणि वाटेत अन्न मिळवणारा माणूस मंडळीचा पोशिंदा ठरतो. येथे एका मंत्राची तेवढी तजवीज करावी लागते: ‘गुडबेरी’ हा मंत्र खुद्द रेंजरलाही येतो, त्याने दहा फळे निर्माण होतात आणि एकेक फळ एका माणसाला दिवसभर पुरते. हा मंत्र मोकळा सोडला तर दुष्काळाची गोष्ट रचताच येत नाही. खर्चलेल्या शक्ती विश्रांतीने परत मिळतात; त्या विश्रांतीचा कडक नियमही असाच दूरगामी आहे. त्यानुसार छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची होते. त्यामुळे मोठ्या विश्रांतीगणिक मोजून मिळणाऱ्या नव्या शक्ती फार जपून वापराव्या लागतात, तर भूमीची जुनी सनद कधीच खर्च होत नाही. ज्या कलमाला सर्वांनी निरुपयोगी ठरवले तेच या एका नियमाच्या सोबतीने मंडळीचा आधार होते. रेंजरची कलमे सुटी वाचून त्याविषयी मत बनवणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट क्वचितच येते.

२०२४ च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’ मध्ये यांपैकी बरेच ऐच्छिक नियम थोड्याफार फरकाने मूळ संहितेत सामावले गेले. जादा क्रियेत हुकूम मानणारे जनावर आता ऐच्छिक राहिलेले नाही, शत्रूच्या सनदेच्या जागी सावजावर खूण करणारा ‘हंटर्स मार्क’ हा मंत्र कायमचा आला, आणि आपल्या भूमीची निवड पेशातून नाहीशी झाली. म्हणजे मुभा आता उलट दिशेने मागावी लागते: ज्याला राधानगरीचे रान जाणणारा रेंजर हवा आहे त्याने सूत्रधाराकडे जुने कलम मागायचे. सूत्रधाराने ते द्यावे, आणि कोणती कलमे लागू, वजनाचा व विश्रांतीचा नियम कोणता, गोष्ट एका मुलखात राहणार की हिंडणार, हे पात्रे कागदावर उतरण्यापूर्वीच सर्वांना सांगावे. कारण योद्धा घेणाऱ्याला हे मागाहून कळले तरी चालते, रेंजर घेणाऱ्याला मात्र त्यावाचून पहिली निवडदेखील करता येत नाही.